पणजोबा कुतला कैद होते, मग आजोबा १९१७ला कसे जन्मले?

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातलं. पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगतात की ते दुष्काळात जन्मले, शेळ्या राखायच्या वयात होते तेव्हा प्लेगात आईबाप गेले, चुलत्याने वाढवलं, मग पलटणीत भरती झाले, बसऱ्याच्या लढाईत तुर्कांनी कैद केलं, सुटून घरी आले आणि आजोबा रांगत असतानाच वारले. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१७ आहे. आता मी वाचलं की पहिल्या महायुद्धात कुतला (हे आताच्या इराकमध्ये) जे कैद झाले ते १९१६ पासून १९१८ पर्यंत तुर्कांच्याच ताब्यात होते. मग आजोबा १९१७ला कसे? मी हे आत्याला विचारलं तर ती एवढी चिडली की महिना झाला बोलत नाही. आमच्याकडे एक चांदीचं गोल मेडल आहे, कडेला ११७ आकडा वाचता येतो, एक ताऱ्यासारखं मेडल आहे आणि १९२१चा एक फेरफार (जमिनीवर नाव बदलल्याची नोंद) आहे, त्यात आजोबांचं नाव लागलंय, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून पणजीचं नाव, आणि पणजोबा ‘सुमारे तीन वर्षांपूर्वी मयत’ असं लिहिलंय. यातून खरं काय ते कळेल का?

उत्तर : कळेल, बरंचसं कळेल, आणि आधी आत्याला फोन करा. तुमचा प्रश्न वाचून मला पहिली काळजी तिचीच वाटली, कारण तुम्ही विचारलं साल आणि तिला ऐकू आला असणार तिच्या आजीवरचा संशय. माझ्यामते त्या संशयाला काही आधार नाही. तो का नाही ते सांगते.

असं काहीही जुळवायला बसलं की मी एकच गोष्ट आधी करते, एका कागदावर डावीकडे सालं लिहिते आणि प्रत्येक सालासमोर त्या माणसाचं वय. बाहेर काय घडत होतं ते मधे, आणि शेवटी ‘हे कशावरून’ असा एक रकाना, त्यात आत्या म्हणाली, फेरफारात आहे, मेडलवर आहे, असं जे असेल ते. बहुतेक लोक सालं आणि घटना लिहितात पण वय लिहित नाहीत, आणि सगळी गंमत वयातच आहे, कारण लढाई झाली तेव्हा माणूस अठराचा होता की अडतीसचा यावरून अर्धी गोष्ट बदलते.

तर आधी जन्म. ‘दुष्काळात जन्मले’ म्हणजे कुठला दुष्काळ? तुमच्या भागात घरोघरी आठवण राहावी असे तीन मोठे, १८७६ ते ७८चा, १८९६-९७चा आणि लगेच १८९९-१९००चा. आता १९१५ साल धरून वय काढा. पहिल्या दुष्काळातला जन्म असेल तर ते तेव्हा अडतीस-एकोणचाळीसचे, त्या वयाचा साधा शिपाई आणि पहिलंच मूल चाळिशीत, हे मला पटत नाही. शेवटच्या दुष्काळातले असतील तर जेमतेम पंधरा-सोळाचे, भरतीच्या वेळी वय वाढवून सांगणारी पोरं होती त्यामुळे अगदीच अशक्य म्हणत नाही, पण ओढूनताणून होतं. मधला, १८९६-९७चा घेतला तर सगळं सरळ बसतं, १९१४ला सतरा-अठराचे, भरतीचं वय.

आणि मग प्लेग. इथे तुम्ही म्हणाल की प्लेग तर १८९६-९७लाच आला, तेव्हा ते पाळण्यात असणार, शेळ्या कशा राखतील? हा घोळ मी खूप जणांच्या कागदावर बघितलाय. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघड झाला, पुण्यात १८९७ला, २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, शाळेत आपण तेवढंच शिकतो, त्यामुळे प्लेग म्हटलं की १८९७ असं डोक्यात बसलंय. पण प्लेग येऊन गेला असं झालं नाही. गावोगाव तो पुढे कित्येक वर्षं परत परत येत राहिला, उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर खोपटी घालून राहायचे, पुन्हा घरी यायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा आईबाप १९०४-०५च्या सुमारास गेले असतील तर पोरगं आठ-नऊ वर्षांचं, म्हणजे बरोबर शेळ्यांमागे फिरायच्या वयाचं. तुमच्या घरच्या गोष्टीतलं हे एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण कुणी साल सांगितलेलं नाही पण वय सांगितलंय. साल विसरतात आणि वय लक्षात ठेवतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना कधीच ‘कोणत्या साली’ विचारू नये, ‘तेव्हा ते केवढे होते’ असं विचारावं.

आता मेडलं. ताऱ्यासारखं आहे त्याच्यावर मधोमध १९१४-१५ असं असेल तर ते ज्याने ३१ डिसेंबर १९१५ च्या आत लढाईच्या मुलखात पाय ठेवला त्यालाच मिळायचं, त्याच्या मागच्या बाजूला नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. आणि चांदीचं गोल, त्याच्या कडेला तेच. ते चांदीचं आहे याचाही अर्थ आहे, कारण मजूर तुकड्यांतल्या माणसांना तेच मेडल ब्राँझचं दिलं गेलं. म्हणजे पणजोबा ओझी उचलायला गेले नव्हते, शिपाई होते (ओझी उचलणाऱ्यांचं मोल कमी असं मी म्हणत नाहीये, उलट त्यांची नोंद कमी राहिली याचं मला वाईट वाटतं). ताऱ्याबरोबर एक तिसरं, पंख असलेल्या बाईचं चित्र असलेलं मेडलही यायचं, ते हरवलं असणार. मेडलं घासू नका, चिंचेने तर अजिबात नाही, तिरप्या उजेडात मोबाईलने फोटो काढा आणि झूम करून अक्षरं वाचा.

आणि कडेला ११७ म्हणजे ११७वी मराठा पलटण, तो आकडा नावापुढे पलटणीच्या जागी आहे ना एवढं मात्र बघून घ्या, शिपायाचा नंबर सुरुवातीला असतो. ही पलटण सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमधली, नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या तोंडाशी फाव इथे जी पहिली फौज उतरली त्यात ती होती. पुढे १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाऊनशेंडबरोबर कुतच्या वेढ्यात सापडल्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने, शेवटी घोडी आणि खेचरं कापून खाल्ली आणि शरण गेले. तिथून कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, बऱ्याच हिंदी शिपायांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं, रास अल ऐनला त्यांची छावणी होती. तुर्कांशी युद्धविराम झाला ३० ऑक्टोबर १९१८ला. एवढं तुम्ही वाचलंत आणि हिशोब घातलात, तो हिशोब चुकलेला नाही. चुकलंय ते हे, की ११७व्या पलटणीतला प्रत्येक माणूस त्या दिवशी कुतमध्ये होता असं तुम्ही धरून चाललात.

कुतच्या आधी पंधरवड्यावर एक लढाई झाली, टेसिफॉनची, २२ नोव्हेंबर १९१५ला सुरू झाली, बगदादपासून फार लांब नाही. त्या जागेचं तिथलं नाव सलमान पाक. तिथे टाऊनशेंडच्या फौजेची चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींचे हाल वाचवत नाहीत, बिनस्प्रिंगच्या, धक्के खाणाऱ्या गाड्यांतून नदीपर्यंत, मग बोटींच्या उघड्या डेकवर दिवसेंदिवस बसऱ्यापर्यंत, आणि त्यावर एवढी बोंब झाली की विलायतेत चौकशी कमिशन बसलं आणि त्याचा रिपोर्ट १९१७ला आला. हे जखमी वेढा पडायच्या आत खाली बसऱ्याला पोचले आणि त्यातले कितीतरी जहाजाने मुंबईला आले. शिवाय पलटणीत भर म्हणून निघालेली नवी माणसं वेढा पडल्यामुळे कुतपर्यंत पोचलीच नाहीत, ती बाहेर राहिली आणि सुटकेसाठी लढणाऱ्या फौजेत गेली. या दोन्हींपैकी कुठल्याही गटातला माणूस तारा मिळवू शकतो, त्याच्या मेडलवर ११७ असू शकतं, आणि तो एक दिवसही कैदी नसू शकतो. टेसिफॉनला जखमी होऊन १९१६ मध्ये एकोणीस-वीस वर्षांचा घरी आलेला शिपाई आणि १९१७ला झालेला मुलगा, यात काय अवघड आहे?

मग कैदेची गोष्ट आली कुठून? माझा अंदाज असा की त्याच पंचक्रोशीतले त्याच पलटणीतले दुसरे कुणी खरंच कैद झाले असणार, ते १९१९ला परत आले, त्यांनी चावडीवर सांगितलं, आणि तुमच्या पणजोबांना तर स्वतःचं सांगायला आयुष्यच उरलं नव्हतं. बाप आठवतही नसलेल्या मुलाने गावात ऐकलेलं बापाच्या नावावर जमा केलं तर त्यात खोटेपणा नाही, त्याला बाप हवा होता. पण हा अंदाज आहे आणि कागदावर मी तो पेन्सिलनेच लिहीन.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही माझंच वाक्य शाईने लिहाल. १ जून ही तारीख बघितली की मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन आलेल्या माणसाला जन्मतारीख माहीत नसायची, मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकायचे, आपल्या आधीच्या दोन पिढ्यांतले किती लोक १ जूनला जन्मलेत ते तुमच्याच घरात मोजून बघा. बाप नसलेला, आईच्या बोटाला धरून आलेला मुलगा, त्याचं साल एखाद-दोन वर्षं पुढेमागे सहज असू शकतं. म्हणजे आजोबा १९१४-१५चेही असू शकतात, पणजोबा निघायच्या आधीचे, आणि तसं असेल तर कैदेची गोष्टही खरी असू शकते. पण मग ‘रांगत असताना वारले’ जरा ताणावं लागतं. म्हणून मला १९१७ जवळचं वाटतं, पण एक पुरावा अजून हवा.

तो मिळण्याची जागा म्हणजे कोतवाल बुक, गावाची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. ती आता तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते, गावाचं नाव आणि सालं देऊन नकलेसाठी अर्ज करा, १९१४ ते १९२० अशी सगळी वर्षं मागा. त्यात मुलाचं नाव शोधत बसू नका, बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते त्यामुळे पुष्कळदा नाव नसतंच, बापाचं नाव शोधा. अक्षर मोडी असेल, घाबरू नका, मोडी वाचणारे आता बरेच झालेत, आणि चार पानं नीट बघितली की बापाच्या नावाचा आकार डोळ्यात बसतो. त्याच नकलांमध्ये १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची मृत्यूची पानंही घ्या. का, ते सांगते.

तुमचा फेरफार १९२१चा, त्यात ‘सुमारे तीन वर्षांपूर्वी मयत’, म्हणजे १९१८. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, हे तुम्ही ओळखलंत त्याबद्दल शाबासकी, बरेच लोक तिथेच फसतात. १९१८ म्हणजे मानमोडीचं, इन्फ्लुएंझाच्या साथीचं साल. इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत आला, ती पहिली लाट त्यामानाने हलकी होती, दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरची भयंकर, एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात एक कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, आजवर असं परत झालेलं नाही. आणि या साथीने म्हातारे-पोरं सोडून विशीतिशीतली धडधाकट माणसं जास्त नेली. पणजोबा तेव्हा एकवीस-बावीसचे.

तरीपण थांबा. मानमोडीतच गेले असं लगेच लिहू नका. माझ्या स्वतःच्या पणजीच्या बाबतीत मी हीच चूक केली होती, तिच्या मृत्यूचं साल प्लेगाच्या सालाशी जुळलं, मी प्लेग लिहून मोकळी झाले, सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं, आणि दोन वर्षांनी नोंद हातात आली तर पटकी, म्हणजे कॉलरा. मोठी घटना घडत असताना माणूस मेला म्हणून तो त्या घटनेने मेला असं होत नाही, जखम चिघळून जाऊ शकतो, साप चावून जाऊ शकतो. नोंदीत कारण म्हणून नुसतं ‘ताप’ सापडेल, तेव्हा मानमोडीचे बहुतेक मृत्यू तापाच्याच खात्यात गेले, म्हणून त्यांच्या आजूबाजूच्या नोंदी मोजा. एरवी महिन्याला दोनचार मृत्यू असणाऱ्या गावात पंधरा दिवसांत पानंच्या पानं भरली असतील तर तुम्हाला उत्तर मिळालं. नोंदच नसेल तरी निराश होऊ नका, त्या आठवड्यांत लिहिणारेही अंथरुणाला खिळले होते.

अजून एक जागा आहे, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा डेटाबेस, नेटवर फुकट बघता येतो. बसऱ्याच्या स्मारकात चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं मूळ दगडावर कोरलीच नाहीत, पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा टाकला, अमुक इतके शिपाई. हे वाचताना मला आजही राग येतो. डेटाबेसमध्ये आता नावं मिळतात, पण रोमन अक्षरांत आणि कशीही लिहिलेली, म्हणून नावापेक्षा पलटण आणि गाव यावरून शोधा. पणजोबा तिथे सापडले तर ते नोकरीत असताना गेले, नाही सापडले तर नाव कापून, म्हणजे पलटणीतून मोकळे होऊन, घरी आले होते, तुमच्या गोष्टीला दोन्हीपैकी दुसरं जास्त जुळतं. आणि ११७ नावाची पलटण आज शोधाल तर मिळणार नाही, १९२२ला सगळे नंबर बदलले, ११७ची पाचवी बटालियन झाली, १०३ची पहिली म्हणजे जंगी पलटण, आणि गंमत अशी की ‘काळी पाचवी’ म्हणतात ती मात्र १०५ होती आणि ती झाली दुसरी. हे पाठ नसेल तर भलत्याच पलटणीचा इतिहास पणजोबांच्या नावावर चढतो.

आता आत्या. तिच्याकडे जा, कैदेचा विषयच काढू नका. विचारा की पणजोबांच्या अंगावर जखमेची खूण होती असं तिच्या आजीने कधी सांगितलं का, ते लंगडायचे का, ‘सलमान’ असं काही नाव कधी कानावर आलं का. आणि विचारा पणजीबद्दल. तुमच्या फेरफारात अ.पा.क. म्हणून तिचं नाव आहे, मांडीवरचं मूल, नवरा गेलेला, बहुधा विशीच्या आतली, आणि तीन वर्षं का लागली नाव लागायला? चुलत्याने अडवलं का? तुम्ही चार पानं पणजोबांवर लिहिलीत आणि पणजीचं नावही मला कळवलं नाहीत. जमीन तिने राखली म्हणून तर तो फेरफार आज तुमच्या हातात आहे.

प्रश्न : आमच्याकडच्या एका जुन्या पत्रिकेत फक्त ‘दुर्मुखनाम संवत्सरे’ वाचता येतं, शक फाटून गेलाय. साल काढता येईल का?

उत्तर : येईल, पण एक नाही, तीन येतील. संवत्सरांची नावं साठ वर्षांनी परत येतात, दुर्मुख म्हणजे १८३६-३७, १८९६-९७ किंवा १९५६-५७. त्यातलं कुठलं ते मुलांच्या जन्मावरून ठरवा. शक सापडला तर त्यात ७८ मिळवा, मात्र पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर इंग्रजी वर्ष उलटलेलं असू शकतं, तेव्हा ७९. साल बदललं की वय बदलतं, म्हणून हे एवढं सांभाळायचं.

प्रश्न : आम्ही महार समाजातले. घरात सांगतात की खापरपणजोबा पलटणीत सुभेदार होते आणि पणजोबाही पलटणीत होते, पण एक जण म्हणाले की इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली होती, मग हे खोटं का?

उत्तर : खोटं का म्हणून असेल? दोन्ही खरं असू शकतं, फक्त सालं बघावी लागतील. मुंबई फौजेत महार शिपाई आणि सुभेदार भरपूर होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदारच होते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही भरती बंद केली, पलटणीतूनच निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ला मोडून टाकली. तेव्हा खापरपणजोबांची नोकरी १८९२ च्या आधी सुरू झालेली असेल आणि पणजोबांची १९१७ ते २१ मध्ये बसत असेल तर तुमच्या घरची गोष्ट इतिहासाशी तंतोतंत जुळते. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत पणजोबांचं तरुणपण गेलं असेल तर ते शिपाई म्हणून लागणं फार अवघड होतं, पण पलटणीबरोबरची इतर कामं होती, मजूर तुकड्या होत्या, तिथे शोधा. खापरपणजोबांच्या पेन्शनचा एखादा कागद घरात आहे का ते आधी बघा, पेन्शन किती साली सुरू झाली एवढं कळलं तरी त्यांचं वय काढता येईल, आणि मला परत लिहा.